मुकी सायकल

मंगळवारी सकाळी कासमभाईंनी माझ्या भावाची सायकल तपासून दिली. तासाभरात मेहकरच्या रस्त्यावर, ओढ्याच्या पुलाकडे उतरताना, त्या सायकलीचा चाक धरणारा चिमटा तुटला. पुढचं चाक निघून गेलं. भाऊ पुलाच्या कठड्यावर पडला आणि गेला.

त्या दिवसाविषयी याहून जास्त मला लिहिता येत नाही. लिहायचं आहे ते कासमभाईंविषयी. गेल्या महिन्यात तेही गेल्याचं पत्र आलं, आणि तेव्हापासून मी रोज थोडं थोडं लिहितो आणि खोडतो आहे.

आमचं गाव डोणगाव. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. गावात सायकली बऱ्याच आल्या होत्या, पण मिस्त्री एकच. बाजाराच्या तोंडाशी टिनाची एक खोली होती, तिच्या दारात कासमभाई उकिडवे बसलेले असत. उंच, हडकुळा माणूस. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी. खांद्यावर तेलकट फडकं. चहा बशीत ओतून तो थंड होईपर्यंत विसरून जायचे आणि मग गार चहा एका घोटात संपवायचे. त्यांच्याशी बोलायला गेलं की ते तोंड आपल्याकडे करत नसत, डावा कान करत. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई. डाव्याने मात्र, असं गावात म्हणत, त्यांना चाकातला एक छर्रा झिजलेलासुद्धा ऐकू येतो.

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या हातून गेलेली सायकल आवाज करत नसे. "सायकल बोलून राह्यली म्हणजे मिस्त्रीची बदनामी," असं ते म्हणत. दुरुस्त झालेली सायकल मालकाला देण्याची त्यांची रीतही वेगळी होती. मालक बाजारातून चालला असेल तेव्हा ते त्याच्याच सायकलीवर बसून हळूच त्याच्या मागून जात. मालकाने वळून पाहिलं, तर काही न बोलता सायकल परत दुकानात. नाही वळला, तर जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत. एकदा तलाठ्यांच्या खांद्यावर असा हात पडला तेव्हा ते दचकून नालीत उतरले. बगलेतले कागदही नालीत.

"माहा जीव घेतो का बे कासम!"

"न्या साहेब. झाली तयार."

सगळा बाजार हसला. त्या प्रकाराला गावाने नावही दिलं होतं. कासमची मुकी सायकल, असं म्हणत.

माझा थोरला भाऊ नामदेव, म्हणजे दादा, आणि कासमभाई चौथीपर्यंत एका वर्गात होते. दादा आठवडी बाजारांतून खडे मीठ, गूळ आणि मिरच्या विकायचा. मागच्या कॅरियरवर गूळ आणि मिरच्यांचं पोतं, आणि मिठाची पिशवी हँडलला अडकवलेली. मीठ वेगळं ठेवायचं कारण असं की ते ओलं होतं आणि त्याचं पाणी गुळाला लागतं. म्हणून ते पुढे. आमच्याकडच्या सगळ्या बाजारकऱ्यांची तीच पद्धत होती. पावसाळ्यात पिशवी पाझरायची, आणि ते पाणी हँडलच्या मुळाशी उतरायचं. गुळाला कुणी ते लागू दिलं नाही. सायकलीला लागतं, याचा विचार कुणी केला नाही.

आणि दादाचा आपल्या सायकलीवर जीव होता. खंडेनवमीला तो तिला विहिरीवर नेऊन बादल्यांनी न्हाऊ घालायचा, काळा रंग द्यायचा, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचा. त्या दिवशी ती दुकानातून नुकतीच आणल्यासारखी दिसायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर सायकल कुरकुरायला लागली. चढावर जोर लावला की कुर्र, आणि सपाटीवर गप्प. मी तेव्हा जवळच्याच एका खेड्यात मास्तर होतो. शनिवारी सकाळच्या शाळेला दादा मला मागे बसवून सोडायचा आणि मी मागे पुस्तक उघडून बसायचो. त्या आवाजाने माझं लक्ष लागेना. मीच म्हणालो, "दादा, एकदा कासमभाईंना दाखव ना."

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो.

"काय बे कासम," दादा म्हणाला, "मास्तरले हिच्या आवाजाचा तरास होऊन राह्यला. वाचता येत नाही त्याले."

"सायकलीवर बसून वाचते? मंग शाळेत काय करते हा?"

"शाळेत झोपते."

दोघं हसले. कासमभाईंनी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली आणि डावा कान हँडलच्या खाली लावला. कुर्र. मग त्यांनी पाना घेऊन तिचा गळा आवळला. गळा म्हणजे हँडलच्या खालची, पुढच्या चाकाच्या वरची आखूड नळी. चाक धरणाऱ्या चिमट्याची दांडी या नळीतून वर येते आणि सायकल पूर्ण उघडल्याशिवाय कधी दिसत नाही. कासमभाईंनी बोटाने ग्रीस घेऊन वरून भरलं, खालून भरलं, आणि पुन्हा हलवून पाहिलं. आवाज नाही. आणखी जोराने हलवलं. नाही.

"आता बोल म्हणा तिले," ते म्हणाले.

बाजाराला उशीर होत होता. कासमभाईंनी ती उघडली नाही आणि आम्ही कुणी उघडा म्हटलं नाही. दादाने आमच्याभोवती एक चक्कर मारली आणि ओरडून विचारलं, "मास्तर, येते का आयकू?"

मी म्हणालो, "नाही."

दादाशी बोललेला तो माझा शेवटचा शब्द.

तिसऱ्या दिवशी कासमभाई घरी आले. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माय ओट्यावर बसली होती, वहिनी दाराआड. ते खाली जमिनीवर बसले आणि फडकं उघडलं. आत वीतभर लांबीची लोखंडी नळी होती. चिमट्याच्या दांडीचा तुटलेला वरचा भाग. त्यांनी तुटलेली कड माझ्याकडे केली. अंगठीसारखी गोल कड. जवळजवळ सगळी तांबूस, विटेच्या रंगाची. फक्त एका बाजूला, करंगळीच्या नखाएवढी जागा चांदीसारखी चकाकत होती.

"हे तांबूस पाह्यलं, मास्तर? हे मंगळवारचं नाही. हे लय महिन्यांचं तुटेल हाय. मीठ आत उतरत गेलं आन आतून खात गेलं." त्यांनी चकाकणाऱ्या जागेवर बोट ठेवलं. "मंगळवारचं येवढंच. येवढ्यावर नामदेव चालून राह्यला होता."

मला त्या नखाएवढ्या लोखंडावर दादा दिसला, गूळ दिसला, मिरच्यांचं पोतं दिसलं, आणि गेले किती शनिवार मागे बसून वाचणारा मी दिसलो. 

कासमभाई मायकडे वळले. "माय, ती कुरकुर त्या तडकीची होती. ती सांगून राह्यली होती मले. म्या तिचं तोंड बंद केलं."

 माय वहिनीला म्हणाली, "पाणी दे त्याले."

त्यांनी पेला घेतला आणि न पिता दांडीच्या तुकड्याशेजारी ठेवला. वहिनीने दाराआडून विचारलं, "म्हणजे आवाज येत होता तोवर बरं होतं?"

"हाव, वैनी. तोवर बरं होतं."

त्या दिवसापासून वहिनीने विहिरीच्या रहाटाला कुणाला तेल घालू दिलं नाही. रहाट रडायचा, शेजारी कुरकुर करायचे. तो रडत असला की ती निवांत पाणी काढायची. घरातलं मीठ तिने चिनी मातीच्या बरणीत घातलं आणि बरणी लोखंडी कपाटापासून दूर, एका कोनाड्यात एकटी ठेवली. ती त्या कोनाड्याजवळून जायची तेव्हा दबक्या पावलाने जायची. हसण्यासारखं होतं, पण आम्ही कुणी हसलो नाही.

कासमभाईंचं मात्र सगळंच उलटं झालं. आता त्यांना आवाज न करणाऱ्या सायकलीची भीती वाटू लागली. कुणी पंक्चर काढायला आला तरी ते त्याच्या सायकलीचा गळा उघडत. दांडी बाहेर काढून फडक्याने पुसत, पान्याने टकटक करत ऐकत. माणूस ताटकळायचा.

"अहो पंक्चर हाय फक्त! दवाखाना काढला का?"

"बसा. पाहू द्या."

"काय पाह्यचं? रंग पाहा ना, नवा कोरा हाय."

"रंगाची तं भीती हाय," ते म्हणत.

पुढच्या खंडेनवमीला माळा घातलेल्या, रंगवलेल्या सायकली दारोदार उभ्या असताना कासमभाई हातात खिळा घेऊन निघाले. ज्या ज्या ठिकाणी नळ्या जोडलेल्या असतात, तिथला ओला रंग ते खिळ्याने खरवडून पाहू लागले. चौथ्या घरी मालकाने पाहिलं. पूजेच्या सायकलीवर ओरखडा! त्याने कासमभाईंच्या कानाखाली मारली. डाव्या कानाखाली. चष्मा पडला, सुतळी तुटली. कासमभाईंनी चष्मा उचलला आणि त्या माणसाला म्हणाले, "मले मारा बापा. पण उद्या हिले घेऊन या."

तो आला नाही. त्याला काही झालंही नाही. हे मला सांगायला हवं, कारण पुढे कासमभाईंच्या गोष्टी सांगणारे लोक त्यांचा प्रत्येक संशय खरा ठरल्यासारखं सांगत. तसं नव्हतं. शेकडो गळे उघडले आणि शेकडो दांड्या चांगल्या निघाल्या. भीती वाटायची ती त्यामुळेच. वाईट दांडीही बाहेरून अशीच दिसली असती.

एकदाच त्यांचं खरं झालं. मी समोर होतो. पोस्टमन तुळशीराम थैला घेऊन हवा भरायला थांबला होता. मोठा थट्टेखोर माणूस. कासमभाईंनी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडलला हात घातला.

"झालं सुरू याचं!" तुळशीराम मला म्हणाला. "मास्तर, सांगा याले, सरकारी टपाल हाय, उशीर चालत नाही. कासमभाई, नाडी लागते का तिची?"

कासमभाईंनी हँडल पिळलं. कट् असा बारीक आवाज झाला, काडी मोडल्यासारखा, आणि हँडल घंटीसकट त्यांच्या हातात आलं. सायकल गुडघ्यांत तशीच उभी होती.

 तुळशीराम पायरीवर बसला. म्हणाला, "आत्ताच मी त्या पुलाच्या उतारावरून आलो." मग पुन्हा तेच म्हणाला. कासमभाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण शोधायला मी पाहिलं. ते हँडलची तुटलेली कड उजेडात धरून किती चकाकते ते पाहत होते.

तुळशीरामने पुढे कित्येक महिने टपाल पायी वाटलं. बाकीचे आठ दिवस घाबरले आणि मग विसरले. मोटार स्टँडजवळ दुसरं दुकान निघालं होतं. तिथे झटपट काम व्हायचं, आणि जाताना मालक पाठ थोपटल्यासारखं सीटवर थाप मारून सांगायचा, "एकदम पक्की!" लोकांना तो शब्द हवा असतो. कासमभाईंनी तो पुन्हा कधी उच्चारला नाही. फार तर म्हणत, "आज तरी काही दिसत नाही."

दादा गेल्यावर दोन महिने मी शनिवारीही शाळेत चालत गेलो. जायला दीड तास, यायला दीड तास. एका संध्याकाळी कासमभाई दारात सायकल घेऊन उभे. दादाचीच फ्रेम, चिमटा नवा.

"मास्तर, चालत चालत किती दिवस जासान?"

मला तिला हात लावता येईना. ते म्हणाले, "दर ऐतवारी मी हिले उघडीन. तुमच्यासमोर."

सात वर्षं त्यांनी ते केलं. एकही रविवार चुकला नाही. ते प्रत्येक भाग काढून फडक्यावर मांडायचे, मी समोर बसायचो. हातात पुस्तक असायचं, पण वाचायचो नाही. दांडी उजेडात फिरवून ते माझ्याकडे द्यायचे. "तुम्हीबी पाहा." सायकल बंद करताना गळ्यात ग्रीस भरत, पण अगदी थोडं. आवाज झाला तर तो ऐकू यावा म्हणून.

सोमवारी सकाळी मी त्या सायकलीवर बसायचो. आवाज आला तर भीती, आणि नाही आला तर त्याहून जास्त. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी, समोरून एखादी बैलगाडी, आणि माझे दोन्ही कान हँडलच्या खाली. एकदा वाटेत टिक टिक ऐकू आली. मी उडी टाकून उतरलो आणि उरलेला सगळा रस्ता सायकल हातात धरून गेलो. रविवारी कासमभाईंनी पाहिलं तर मागच्या चाकाच्या तारांत बाभळीचा वाळका काटा अडकला होता. मी ओशाळून हसलो. ते हसले नाहीत.

"उतरले ते बरं केलं," म्हणाले.

माझी शाळा मेहकरच्या विरुद्ध दिशेला होती. त्यामुळे ओढ्याच्या त्या उतारावर मी सात वर्षांत सायकलीने गेलो नव्हतो. मेहकरला जायचं तर एसटीने, आणि पूल आला की डोळे मिटून.

मग माझी बदली देऊळघाटला झाली. माय तोवर वारली होती. वहिनी सामान घेऊन एसटीने पुढे गेली. मी सायकलीने मेहकर गाठायचं आणि तिथून ती गाडीच्या टपावर टाकायची, असं ठरलं. डोणगावहूनही ती टपावर टाकता आली असती. तसं का केलं नाही, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सकाळी दुकानात गेलो. रविवार नव्हता, तरी त्यांनी सगळी सायकल उघडली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. डोळे अधू झाले होते, म्हणून दांडी नखाने चाचपत होते. सायकल बंद झाल्यावर मी निघालो, तर ते फडकं खांद्यावर टाकून बरोबर चालू लागले. मीही सायकल हातात धरून चालत राहिलो. ओढ्याचा उतार सुरू होतो तिथपर्यंत आम्ही आलो.

तिथे मी थांबलो. खाली पूल दिसत होता. कठडा नवा बांधला होता.

"चालत उतरतो," मी म्हणालो.

 कासमभाईंचा हात हँडलवर होता. मला दिसलं की त्यांना मी चालत जावं असंही वाटतं आहे, आणि एकदा तरी कुणीतरी त्यांच्या हातच्या सायकलीवर बसून या उतारावरून खाली पोचावं, असंही. दोन्ही त्यांना बोलता येत नव्हतं.

मी सायकलीवर बसलो. "कासमभाई, पक्की आहे ना?"

त्यांचे ओठ हलले. तो शब्द काही आला नाही. "आज तरी काही दिसत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "खाली पोचले की घंटी वाजवजा. मले तिथलं दिसत नाही आता."

त्यांनी हात काढला नाही. मी वाट पाहिली. मग एकेक बोट सुटलं.

उतारावर सायकलीने वेग घेतला. ती काहीही आवाज करत नव्हती. वारा होता, टायरचा खरखराट होता, आणि हँडलच्या खाली काही नाही.  दादालाही असंच काही ऐकू आलं नसेल, असं वाटलं. पूल मोठा होत गेला. कठडा उजवीकडून आला, मागे गेला, आणि चढ लागल्यावर सायकल आपोआप हळू झाली. मी पाय टेकले.  सायकल धरून उभा राहिलो आणि घंटी वाजवली.

वर ते उभे होते. हलले नाहीत. मी पुन्हा वाजवली, जोराने, कितीतरी वेळ. तेव्हा त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून वर धरलं. मी चढ चढून वळणावरून मागे पाहिलं तेव्हाही ते तिथेच होते. माझ्याकडे पाहत नव्हते. मान वळवून डावा कान रस्त्याकडे केला होता.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

गेल्या महिन्यातलं पत्र त्यांच्या मुलीचं. अब्बा झोपेतच गेले, दुकान मोडलं, हत्यारं भंगारात दिली, असं तिने लिहिलं होतं. एक वस्तू तेवढी दिली नाही. ती दुकानात खिळ्याला टांगलेली असे, आणि दर रविवारी अब्बा तिला तेल लावत. ती मास्तरांची आहे, असं ते सांगून गेले. पत्र घेऊन आलेल्या माणसाने ती फडक्यात बांधून आणली होती.

सायकल घरात उभी आहे. इथे तिला दर रविवारी उघडणारं कुणी नाही, म्हणून मी शाळेत चालत जातो. फडक्यातून निघालेला दांडीचा तुकडा माझ्या टेबलावर आहे आणि रविवारी त्याला मी तेल लावतो. नखाएवढी जागा अजून चकाकते.